फोरमनसाहेबांचा खांदा

निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी गल्लीत त्यांना सगळे फोरमनसाहेबच म्हणत. कारखान्यात त्यांनी हयातभर कुणाला मध्ये बोलू दिलं नाही. घरी आल्यावर ही सवय मोडायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या बायकोला गल्ली शिवणकाकू म्हणे. ती शाळेचे गणवेश शिवायची.

ऐन चाळिशीत काकूच्या एका कानात शिट्टी वाजायला लागली. उठता-बसता चक्कर येई. फोरमन तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं तिला, उत्तर दिलं फोरमननी.

"काही नाही हो. दिवसभर मशीन बडवते, डोक्यात भुंगे शिरलेत."

डॉक्टर हसले, फोरमनही हसले. काकूने तोंड उघडेपर्यंत पुढच्या पेशंटला हाक गेली होती. वर्षभरात तो कान कायमचा गेला. काकू रडली नाही, भांडली नाही. फक्त ते वाक्य तिने जपून ठेवलं.

म्हातारपणी फोरमनना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. एकेक शब्द ओठांवर आणताना घाम फुटायचा. दवाखान्याचे जिने चढणं आता होणार नव्हतं. परगावच्या लेकीने टॅबलेट पाठवला आणि फोनवरून आईला डॉक्टरांच्या व्हिडिओ कॉलचं ॲप शिकवलं. काकू झटकन शिकली. ठरल्या दिवशी डॉक्टरीणबाई पडद्यावर आल्या.

"काका, खांदा दुखतो का?"

"दु... दु..." फोरमन झगडू लागले.

काकूने टॅबलेट अलगद स्वतःकडे वळवला. "काही नाही हो. दिवसभर पडून असतात, डोक्यात भुंगे शिरलेत."

डॉक्टरीणबाई समजुतीने हसल्या आणि रक्तदाबाकडे वळल्या. फोरमन डाव्या हाताने पलंगाची कड बडवत राहिले. त्या दिवशी काकूला जेवण गोड लागलं.

पुढच्या भेटीतही तिने तेच केलं. कूस बदलताना फोरमन कण्हायचे, आणि काकू शांतपणे सुईत दोरा ओवायची.

तिसऱ्या वेळी कॉल लागण्याआधीच फोरमननी तिचं मनगट पकडलं. "सां... ग."

"सांगते की. पण आधी माझ्या कानाचं तुम्ही सांगा. मला नको, डॉक्टरीणबाईंना सांगा."

तिने टॅबलेट उशीला टेकवून त्यांच्यासमोर उभा केला आणि बाजूला बसली. डॉक्टरीणबाई दिसताच फोरमननी जीव एकवटला.

"का... न. मी..."

"कान दुखतोय का, काका? थांबा, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन देते."

फोरमन संतापाने लालबुंद झाले. मान जोरजोरात हलवत त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. "हि... चा! मी... बोलू... ना... नाही... दिलं."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "काकू, तुमच्या कानाला काय झालं?"

या प्रश्नाचं उत्तर काकूने मनात शंभरदा घोळवलं होतं. तोंडातून आलं एवढंच, "गेला. वेळेवर सांगता आलं नाही." मग दम घेऊन ती म्हणाली, "आणि यांचा खांदा खूप दुखतो. मी मुद्दाम सांगत नव्हते."

"हे बरोबर नाही केलंत, काकू."

"माहीत आहे," काकू म्हणाली. तिने नजर खाली घातली नाही.

औषधं बदलली, व्यायाम सुरू झाला. हात वर उचलताना दुखणारच, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. काकू तो रोज उचलायची, सांगितला तेवढाच, पण एकदाही कमी नाही. महिन्याभरात हात कपाळापर्यंत जायला लागला. तिने माफ केलं का, हे फोरमननी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

आता कॉल आला की ती टॅबलेट नवऱ्यापुढे ठेवते आणि हाताची घडी घालून बसते.

"काका, कसं वाटतंय?"

"का... ल... झो..."

पुढचा शब्द काकूला ठाऊक असतो. फोरमन तिच्याकडे बघतात, घामेजतात, डोळ्यांनी विनवतात. ती जागची हलत नाही. डॉक्टरीणबाई थांबतात. आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, फोरमनसाहेब स्वतःच म्हणतात, "झोप... लागली."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणतात. "अजून काय, काका?"