भेटींचा फाटा

मागच्या बाकावरून कुणी बाई “आई!” म्हणून ओरडली आणि मीनलच्या हातातलं अर्धवट सोललेलं संत्रं खाली पडलं. बस करकचून थांबली. ओरडणारी बाई पाठीवरचं गाठोडं सावरत उतरली. दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली आणि बस पुन्हा निघाली. संत्रं घरंगळत पार ड्रायव्हरपर्यंत गेलं.

“ए, एच, आय. एच सायलेंट,” शशिधर मांडीवरच्या स्पॅनिशच्या पुस्तकात बोट ठेवून म्हणाले. “म्हणजे ‘तिथे’. तिथे थांबवा, असं सांगतात ते.”

“आय नो, बाबा.”

माहीत होतं, तरी सकाळपासून प्रत्येक हाकेला ती दचकत होती. ग्वातेमालाच्या डोंगरातली ही पिवळी बस मूळची अमेरिकेतल्या शाळेची. दोन मुलांच्या बाकावर तीन मोठी माणसं आणि टोपलीतला एक कोंबडा. आणि ज्याला उतरायचं तो हाच शब्द ओरडणार. कुणी तोडून, कुणी लांबवून. स्पेलिंग सांगणारे बाबासुद्धा दर वेळी मान वळवून मागे बघत होते. आपण बघतो आहोत, हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

ही सहल खरं तर मीनल आणि तिची मैत्रीण शिल्पा यांची. शिल्पाला ऐन वेळी नोकरी लागली, तेव्हा शशिधर म्हणाले, “मी येतो.” ग्लासगोहून एडिंबरालाही सीट रिझर्व्ह केल्याशिवाय न जाणारा हा चौसष्ट वर्षांचा रिटायर्ड डॉक्टर. पण त्यांची बायको सुप्रभा नोव्हेंबरात गेली होती. ब्याण्णव सालचा तो हिवाळा त्यांनी त्या घरात कसाबसा काढला होता आणि आता ते घर त्यांना खायला उठत होतं.

“बस फार स्लो चाललाय,” मीनल म्हणाली.

“चाललीय. बस ती.”

“चाललीय. आपण उतरायचं कुठे?”

“लोस एन्क्वेन्त्रोस. एन्क्वेन्त्रो म्हणजे भेट.” त्यांनी चष्मा पुसला. “भेटींचा फाटा म्हण हवं तर. तिथून तळ्याकडची बस. झोपू नकोस हं, ही थेट राजधानीला जाते. आणि तळ्याकडची शेवटची पाचला.”

एवढं सांगून पाच मिनिटांत ते स्वतःच पेंगायला लागले.

बस ती, दार ते, चहा तो. हे मीनलला कधी जमलं नाही. सात वर्षांची असताना पुण्यात काकांकडे बेल वाजली. तिने धावत जाऊन दार उघडलं आणि घरभर ऐकू जाईल असं ओरडली, “आई आला!” चुलत भावंडांना सुट्टीभर पुरेल एवढा खाऊ मिळाला. जेवताना, खेळताना, जिन्यात, “आई आला, आई आला.” ग्लासगोला परतली ती तोंडाला कुलूप घालूनच. आईची मम झाली. सुप्रभाने कधी तक्रार केली नाही. एकदाच, शाळेच्या गेटपाशी, तिची टोपी नीट करत म्हणाली, “इथे सगळ्याच मम आहेत गं. एखाद्या वेळी आई म्हण, म्हणजे कळेल मला हाक मारतेयस.”

मीनलने म्हटलं नाही. लाज फार चिवट असते, आणि लहानपणची तर त्याहून.

मग तो वॉर्ड. स्ट्रोकनंतर सुप्रभाचं तीस वर्षांचं इंग्रजी धुऊन गेलं होतं. “मम, इट्स मी,” मीनल तिचा हात धरून म्हणाली. सुप्रभाने परक्या नर्सकडे बघावं तसं सभ्यपणे तिच्याकडे बघितलं आणि नवऱ्याला विचारलं, “कोण आलंय?”

“आई म्हण,” शशिधर हळूच म्हणाले.

शेजारच्या खाटेभोवती माणसं होती. नर्स चार्ट भरत होती. मीनलची जीभ उचललीच नाही. उद्या म्हणू, तिने ठरवलं. सकाळी हॉस्पिटलचा फोन आला.

धुकं उतरलं होतं. घाटात कुठेतरी “आई!” आली, एक म्हातारा उतरला. शशिधरांची मान झोपेतही हलली. मीनलने काच पुसली, आणि तेवढ्यात खिडकीशेजारून एक पाटी मागे गेली. लोस एन्क्वेन्त्रोस.

“बाबा, उठा!”

ती उभी राहिली. वाटेत माणसं, पोती, टोपल्या. “एक्स्क्यूज मी,” ती म्हणाली. “स्टॉप, प्लीज.” इंजिनाच्या घरघरीत ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही. पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना. बस वेग घेत होती आणि फाटा मागे पडत होता.

“आई!”

स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. कंडक्टरने पत्र्यावर थाप मारली. बस करकचून थांबली. लोकांनी गुडघे आवळले, टोपल्या उचलल्या, दारापर्यंत वाट मोकळी झाली.

मीनल जागची हलली नाही.

“आई,” ती म्हणाली. “आई.”

“सी, सी, आई,” कंडक्टर दाराबाहेर बोट दाखवत समजुतीच्या सुरात म्हणाला. हो, हो, तिथेच. कोंबडेवाल्या बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. मीनलच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायचं तिला सुचत नव्हतं.

शशिधर उठून तिच्यामागे उभे होते. चष्मा हातात, पुस्तक बाकावरच राहिलेलं.

“आई...” मग तिने वळून पाहिलं. “बाबा, बस थांबला?”

त्यांनी तिच्या खांद्यावरची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

“हो, बाळा,” ते म्हणाले. “थांबला.”