बंबाच्या कुशीवरची लांबी

डबा आला तो थेट माझ्या पायाशी. झाकण वाटेतच उडालं होतं, म्हणजे उस्ताद खरोखर रागावला होता. नुसता चिडला असता, तर झाकण नीट लावून फेकला असता.

"हा चिखल पुन्हा माझ्या शेडमध्ये दिसला तर बघ!"

"डबा माझा आहे," आतून ताईचा आवाज आला. "फेकायचं तर स्वतःचं काहीतरी फेक की."

मी शेजारचा काचवाला. गाड्यांना काचा बसवतो, त्यामुळे दुसऱ्याच्या घरात डोकावणं हा धंद्याचाच भाग. डबा उचलला आणि आत गेलो.

उस्ताद म्हणजे ताईचा थोरला भाऊ. गाडीच्या पत्र्याला आलेला पोचा काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा झाडावर आदळलेली एक गाडी त्याच्याकडे आली. तिचं तोंड इतकं आत गेलेलं, की पुढचा दिवा मागच्या सीटवर ऐसपैस बसून आला होता. उस्तादानं ठोकून ठोकून ते तोंड असं बाहेर काढलं, की मालकानं गाडी पुन्हा त्याच झाडाखाली लावली तेव्हा झाडच जरा मागे सरकलं. खोटं वाटत असेल तर झाडाला विचारा.

आणि ताई लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची. ठोकून सरळ झालेल्या पत्र्यावर ज्या बारीक लाटा उरतात, त्या लांबीनं भरायच्या, घासायच्या आणि पत्रा रंगासाठी तयार करायचा. तिनं घासलेल्या पत्र्यावर माशी बसायला आली की घसरून पडायची, आणि कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघत लंगडत निघून जायची.

उस्तादाच्या लेखी मात्र लांबी म्हणजे लबाडी. "ठोकता येत नाही तो भरतो," असं तो गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा. ताई ऐकून घ्यायची. तिची कातडी पत्र्यापेक्षा जाड होती आणि जीभ पॉलिश पेपरपेक्षा खरखरीत.

आज मात्र त्या एका टोमण्यानंतर तिनं मान खाली घातली होती. दारात आग विझवायचा बंब उभा होता, आणि टेबलावर लांबीची एक भलीमोठी लादी पडली होती. विटेएवढी जाड. बंब चालवणारा तिच्याकडे, घरात शिरलेल्या विंचवाकडे बघावं तसा बघत होता.

गेल्या वर्षी लाकडाच्या वखारीला आग लागली, तेव्हा बंबाच्या कुशीवर भिंत कोसळली होती. तो भलामोठा पोचा याच शेडमध्ये दुरुस्त झाला होता. आज सकाळी बंब आगीकडे धावत असताना बाजाराच्या वळणावर भरलेली सगळी लांबी एका तुकड्यात गळून पडली.

"सायरन वाजतोय, लोक बाजूला होतायत, आणि आमचा बंब कात टाकतोय!" बंबवाला म्हणाला. "एका भाजीवालीनं ती लादी उचलून आणून दिली. म्हणाली, भाऊ, तुमचं काहीतरी पडलं. सगळा बाजार हसला. समोर घर जळतंय आणि लोक आम्हाला हसतायत. हे मला नाही सहन होत, उस्ताद."

"मीच भरली होती," ताई म्हणाली. "चूक माझी."

"चूक कुणाचीही असो. आता नुसतं ठोकून द्या. लांबीचा कण नको."

तो बंब ठेवून गेला. उस्तादानं बहिणीकडे न बघता हातोडा उचलला. गेली दोन वर्षं त्याचा उजवा खांदा धरला होता, पण हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. 'हल्ली पत्राच कडक येतो,' असं म्हणायचा. हात छातीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यानं हातोडा खाली ठेवला, जणू ठेवायचाच होता. मग उगाच काहीतरी करायचं म्हणून टेबलावरची लादी उलटी केली.

लांबी ज्या पत्र्यावर भरावी त्याचा ठसा तिच्या पोटावर हुबेहूब उमटतो. या लादीच्या पोटावर तो अख्खा पोचा उमटला होता. खालच्या भागात उस्तादाच्या ठोक्यांच्या खुणा होत्या, दाट, एकाला एक लागून, त्याच्या सहीसारख्या. वर जावं तशा त्या विरळ झाल्या होत्या. आणि खांद्याच्या उंचीच्या वर एकही ठोका नव्हता. कोसळलेल्या भिंतीनं केलेला खड्डा तिथं जसाच्या तसा होता.

उस्ताद त्या लादीवरून अंगठा फिरवत राहिला. मी डबा हातात घेऊन उभाच. निघून जावं हे कळत होतं, पण पाय ऐकत नव्हते.

"मी तर सांगितलं होतं, पोचा काढलाय म्हणून," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू विटेएवढी लांबी थापलीस? टिकणार नाही हे ठाऊक असताना?"

"ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस, तायडे?"

"काय बोलू? गिऱ्हाइकासमोर सांगू, की दादाचा हात वर जात नाही?"

उस्तादानं लादी बाजूला सारली. मग त्यानं हातोडा उचलला, दांड्याकडून तिच्यापुढे धरला आणि बंबाच्या पोटात शिरून पत्र्याला आतून डाव्या हातानं लोखंडी ठोकळा टेकवला.

"मार."

"मला नाही येत."

"येत नाही म्हणूनच शिकवतोय. ठोकळ्याचा आवाज ऐक. बद्द आवाज आला तर जागा चुकली, टणक आला तर बरोबर. आणि माझ्या बोटांवर मारू नकोस, तेवढीच उरलीयेत."

ताईनं मारलं. पहिल्या ठोक्याला तो ओरडला, दुसऱ्याला शिवी दिली, आणि दुपारनंतर तो गप्प झाला. त्याचा गप्पपणा म्हणजे शाबासकी, हे आम्ही सगळे जाणून होतो. पत्रा हळूहळू बाहेर आला. खालची कड गंजून फाटली होती. ती कापून वेल्डरकडून नवी पट्टी जोडून घेतली.

मग ताईनं तिचे डबे मांडले आणि उस्ताद तोंड वाकडं करून जवळ येऊन बसला.

"तीन-तीन डबे कशाला? चिखल तो चिखल."

"तुझे हातोडे किती आहेत?"

त्यानं डबा तिच्याकडे सरकवला. तिनं जोडाच्या कडेवर काचेच्या धाग्याची लांबी लावली, कारण तिथं हिसका बसतो आणि पाणी मुरतं. मधल्या लाटांवर हलकी लांबी, जी घासायला सोपी. आणि सुईच्या टोकाएवढी भोकं बुजवायला सगळ्यात शेवटी बारीक. प्रत्येक वेळी ती लांबी कडक करणारा लाल हार्डनर जेमतेम घ्यायची आणि रंग एकजीव होईपर्यंत पातीनं दाबून दाबून मळायची.

"जरा जास्त घाल ना, लवकर वाळेल."

"जास्त घातलं की रंगातून डाग वर येतो. तुझ्यासारखा. कितीही दाबला तरी आपला वर."

उस्ताद हसला. त्याला हसताना बघून शेडमधलं मांजर घाबरून माझ्या दुकानात पळालं, ते अजून तिथंच राहतं.

बंबवाला आला तेव्हा रंग वाळला होता. त्यानं कुशीवर नजर टाकली आणि त्याचा चेहरा उतरला.

"एवढं साफ? म्हणजे लांबी भरलीत!"

"भरली," ताई म्हणाली. "नखाएवढी. पटत नसेल तर आत्ता खरवडून देते."

तो काही बोलणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठंतरी आग लागली होती. त्यानं ताईकडे बघितलं, बंबाकडे बघितलं आणि उडी मारून आत बसला. सायरन वाजवत बंब बाजाराच्या दिशेनं गेला. आम्ही तिघं दारात उभे होतो. सायरन ऐकू येईनासा झाला, तरी ताई कान देऊन उभीच होती. काही पडल्याचा आवाज येतो का, ते ऐकत.

ऊन उतरताना बंब परत आला. काजळीनं काळाठिक्कर, एक आरसा तुटलेला. बंबवाल्याच्या भुवया करपल्या होत्या. तो खाली उतरला. त्यानं शेडमधला पाइप घेतला आणि कुशीवर पाणी सोडलं. पाणी वरच्या कडेवरून निघालं आणि काजळी घेऊन सरळ खाली आलं. पोचा होता तिथं थबकलं नाही, जोड होता तिथं वळलं नाही. एका पडद्यासारखं जमिनीवर उतरलं.

बंबवाल्यानं मूठ आवळून पत्र्यावर दोनदा ठोकलं. टणक आवाज आला.

"उस्ताद, हात आहे तुमचा! कसा काढलात हो?"

"मी नाही," उस्ताद म्हणाला. "ठोकलंय तायडीनं, भरलंय तायडीनं. मी आतून लोखंड धरून बसलो होतो."

आणि त्यानं बंबवाल्याच्या हातातला पाइप काढून घेतला. डाव्या हातानं तो बंब धुऊ लागला. नुसती कूस नाही. चाकं, पायऱ्या, ज्याला कुणी हातही लावला नव्हता तो मागचा दरवाजासुद्धा. ताई मदतीला निघाली, तर त्यानं मान हलवूनच तिला थांबवलं.

ती उंबऱ्यावर बसली. शेडमध्ये काम चाललेलं असताना तिला बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हात कुठं ठेवावेत हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं ते मांडीवर ठेवले, उताणे, आणि पाणी वाहून जाताना बघत राहिली.