गडबच्या उघाडीचं दार

माझ्या नवऱ्याला, शाहिदला, परदेशातल्या नऊ देशांच्या एका विज्ञान परिषदेने सल्लागार नेमलं, तेव्हा मला हसूच फुटलं. आमच्या रोह्याच्या घरात नळ तीन महिने गळतोय आणि हा नऊ देशांना सल्ला देणार!

पण त्याने तयार केलेलं दार खरंच नामी होतं. खाडीच्या बांधात शेतातलं पाणी बाहेर सोडायला उघाडी ठेवतात, तिला ते बसवायचं. भरती आली की आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं. पेणजवळ गडबच्या बांधावर वर्षभर त्याची चाचणी झाली. आता समुद्राकाठच्या देशांना हेच दार सुचवायचं, असं परिषदेच्या मनात होतं. शुक्रवारच्या सभेत शाहिदने फक्त होकार द्यायचा होता.

मंगळवारपासून त्याचं जेवणावरचं मन उडालं. बुधवारी मी चिडून ताट ओढून घेतलं, तेव्हा कुठे बोलला.

"हुमेरा, गेल्या उधाणाला दारात फांदी अडकली होती. बांध राखणाऱ्या कान्हूदादांनी चिखलात उतरून ते हाताने लावलं. मी कुणाला सांगितलंच नाही. उद्या तिकडे एखाद्याच्या भातात खारं पाणी शिरलं तर?"

"मग सांग की!"

"सांगितलं तर दारही जाईल आणि मीही."

राग आला होता, पण त्याचा चेहरा बघून ताट परत त्याच्यापुढे सरकवलं. दुसऱ्या दिवशी त्याला स्कूटरवर मागे बसवून गडबला नेलं. कान्हूदादा बांधावर चिखल लिंपत होते.

"दादा, दार तुम्ही लावलंत, ते सभेत सांगू?" शाहिदने मान खाली घालून विचारलं.

"कोनच्या वेळचा सांगतोस? धा-बारा वेळा लावलाय. दार चांगला हाय रं, पन त्याला काय डोळे हायत? मानूस लागतोच."

धा-बारा वेळा!

शुक्रवारी लॅपटॉपसमोर बसून त्याने सगळं सांगून टाकलं. "माझं दार एकटं चालत नाही. यादीतून काढा, नाहीतर शेजारी 'राखणारा माणूस हवा' असं लिहा."

मी ओढणी मुठीत आवळून उभी. मग पडद्यावरून परिषदेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "अशी दारं कुठे अडतात, हे आम्ही सगळ्यांना विचारतो. आज पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं." दार यादीत राहिलं, पुढे माणूस जोडला गेला, आणि पुढच्या सभेला कान्हूदादांनाही सल्लागार म्हणून बोलवायचं ठरलं. शाहिदने त्या दिवशी तीन भाकऱ्या खाल्ल्या. मला तर रडूच आलं, इतकं हलकं वाटलं.

त्याने लगेच कान्हूदादांना फोन लावला.

"सोमवारी दुपारी एकला? नाय जमायचा," ते म्हणाले. "तवा उधानाची भरती हाय. मी बांधावर असनार."

शाहिदने भीत भीत तसंच कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं. नऊ देशांची सभा आता गडबला ओहोटी लागल्यावर सुरू होणार होती.