सदतीस अंश

पाणी तापवायच्या टाकीचा काटा सदतीसवर होता आणि दुरुस्तीवाला म्हणाला, "बाई, हा काटा मेलाय."

मास्तरीण हातातली नोंदवही छातीशी धरून तशीच उभी राहिली. मास्तरीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. कामात केसाएवढी चूक दिसली तरी ती ते परत करायला लावायची, म्हणून कारखान्यात सगळे तिला तेच म्हणायचे.

"मेलाय म्हणजे?"

"अडकलाय. पाणी उकळा नाहीतर बर्फ टाका, हा आपला सदतीस. आमच्या सासऱ्यांसारखा. एकदा बोलले की बोलले." स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला आणि आपला थर्मामीटर पाण्यात बुडवून त्यानं तिच्यापुढे धरला. "हे बघा. एकतीस."

"कधीपासून असेल?"

"आतला गंज बघता आठ-नऊ महिने सहज."

तिनं नोंदवही उघडली. आठ महिन्यांपूर्वी याच टाकीत तिनं नव्या छत्रीची चाचणी घेतली होती.

छत्री म्हणजे कापड नसलेली छत्री. बोटाच्या पेराएवढ्या सहा काड्या आणि वर एक आकडा. पायात रक्ताची गाठ झालेल्या माणसाच्या पोटातल्या मोठ्या शिरेत ती बसवायची, म्हणजे गाठ सुटलीच तर काड्यांत अडकते, फुफ्फुसापर्यंत जात नाही. धोका टळला की मानेतून एक बारीक नळी आत घालायची, तारेच्या फासानं आकडा पकडायचा आणि नळी छत्रीवरून पुढे सरकवायची. काड्या मिटतात, छत्री नळीतून बाहेर. बसवणं सोपं, खरी परीक्षा काढताना. तार अशा धातूची की शरीराच्या उबेत ताठ होते आणि गारव्यात मऊ पडते. म्हणून काढायची चाचणी सदतीस अंशांच्या पाण्यातच घ्यायची, एका अंशानंही खाली नाही, हा नियम. नवीन आकडा आधीपेक्षा बारीक होता, शिरेला कमी घासावा म्हणून. तो बारीक करण्याची कल्पना तिचीच.

नोंदवहीत दोन रकाने असत. एक टाकीच्या काट्याचा, दुसरा हातातल्या थर्मामीटरचा, काटा खोटं बोलला तर पकडता यावा म्हणून. दोन्हीत तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, सदतीस. आणि खाली तिची सही.

तो दिवस तिला लख्ख आठवत होता. तिची मुलगी, छोटी, तेव्हा सहा महिन्यांची. रजा संपवून कामावर आल्याला जेमतेम आठवडा झाला होता. संध्याकाळचे पाच वाजत आलेले, दूध दाटून ब्लाऊज ओला व्हायच्या बेतात आणि थर्मामीटरचा सेल गेलेला. नवा सेल आणायला खाली स्टोअरमध्ये जावं लागलं असतं. तिनं बाही वर केली आणि कोपर पाण्यात बुडवलं. रोज सकाळी छोटीच्या आंघोळीचं पाणी ती असंच बघायची. बरोबर वाटलं. उन्हाळ्याचे दिवस, छोटीचं पाणी ती तेव्हा निवलेलंच ठेवायची, आणि कोपराला तीच सवय लागली होती. तेव्हा हे सुचलं नव्हतं. तेव्हा तिनं फक्त सदतीस लिहिलं आणि धावत घर गाठलं.

एकतीस अंशांत काड्या मऊ होत्या. म्हणूनच सगळ्या छत्र्या लोण्यातून सुरी निघावी तशा निघाल्या होत्या.

"बाई, बसता का जरा?" दुरुस्तीवाला म्हणाला. "तोंड पांढरं पडलंय तुमचं."

घड्याळात सव्वादहा झाले होते. आज दोन वाजता तिच्या नणंदेच्या पोटातली छत्री काढणार होते.

नणंद बाळंत होऊन दहा आठवडे झाले होते. चौथ्याच दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला, गाठ निघाली, आणि डॉक्टरांनी छत्री बसवली. सोबत मिळालेलं कार्ड नणंदेनं मोठ्या कौतुकानं दाखवलं होतं. "बघ वहिनी, तुझ्या कारखान्याचा माल! आता घरात भांडण झालं तर सांभाळून बोलायचं मला." कार्डावर नव्या छत्रीचा क्रमांक होता. तेव्हा मास्तरणीला किती अभिमान वाटला होता. चार लोकांना सांगितलं होतं तिनं.

दुरुस्तीवाल्यानं काटा बदलला. पाणी खरंच सदतीस झालं हे तिनं दोन वेगवेगळ्या थर्मामीटरांनी पाहिलं, मग तिसऱ्यानंही. कपाटात त्या वेळच्या पाच छत्र्या राखून ठेवलेल्या होत्या. पहिली निघाली. दुसरी निघाली, पण फास ओढताना हाताला जोर जाणवला. तिसऱ्या छत्रीचा आकडा हळूच, अगदी सावकाश, उलगडला आणि सरळ झाला. फास रिकामा परत आला. छत्री शिरेच्या जागी लावलेल्या काचेच्या नळीत सहा पाय रोवून बसून राहिली.

ती बघत राहिली. ही काच होती. काचेतून छत्री चिमट्यानं काढता येते.

चौथी तिनं गार पाण्यानं काढून पाहिली. नळीच्या टोकातून आधी फ्रीजमधलं सलाईन सोडलं आणि लगेच ओढली. निघाली. पाचवीही तशीच निघाली. मग छत्र्या संपल्या.

साहेबांच्या खोलीत ती दार न वाजवताच शिरली. साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण कुठलीही गोष्ट सोमवारवर ढकलली की ती निम्मी सुटते अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी सगळं ऐकलं. सरळ झालेला आकडा भिंगाखाली धरून पाहिला.

"तीनात एक," ते म्हणाले. "घाबरून जाण्यासारखं नाही. सोमवारी बसू, नीट अहवाल करू, मग रीतसर कळवू."

"सर, आज दोन वाजता एक निघणार आहे."

"हे तुम्हाला कसं माहीत? पेशंट कोण ते आपल्याला कळता कामा नये."

"माझी नणंद आहे."

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. ते म्हणाले, "तुम्ही दवाखान्यात जाऊन बोललात, तर सहीचं विचारतील. मग मला तुमच्या बाजूनं काही बोलता येणार नाही."

"हो सर."

"लहान मूल आहे तुम्हाला."

"तिलाही आहे," ती म्हणाली आणि आकडा डबीत घालून निघाली.

ती रिक्षात बसली. नवऱ्याचा फोन दोनदा वाजला, तिनं उचलला नाही. त्याला काय सांगायचं? तुझ्या बहिणीच्या आत मी कोपरानं मोजलेलं पाणी आहे, असं? काही सांगितलंच नाही तर? तीनातल्या दोन निघतात. नणंदेची निघालीच तर कुणाला कधी कळणारही नाही. हा विचार तिच्या मनात आला आणि सिग्नलवर रिक्षा थांबली तेवढा वेळ तो तिथंच राहिला, हे तिनं पुढे कधी नाकारलं नाही.

डॉक्टर तिला दवाखान्याच्या जिन्यापाशी भेटले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं त्यांना सगळं सांगितलं.

"तुम्ही कंपनीकडून बोलताय की नातेवाईक म्हणून?"

"चाचणीवर सही माझी आहे. ती बाई म्हणून बोलतेय."

त्यांनी डबी उघडून आकडा पाहिला. "काढलीच नाही तर?"

"शिरेची भिंत काड्यांवर चढत जाईल. दर महिन्याला अवघड होईल. तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

"आहे. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. आणि आकडा आत सरळ झाला तर?"

"मग पोट उघडून काढावी लागेल." तिनं डबीकडे बोट केलं. "डॉक्टर, आधी रुंद नळी घ्या. आणि टोकातून गार सलाईन सोडा, लगेच ओढा. काड्या काही क्षण मऊ पडतात. मी आत्ता करून पाहिलं."

"किती वेळा?"

"दोनदा."

"दोनदा!" डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "बरं. तिला कोण सांगणार, तुम्ही की मी?"

नणंद कॉटवर पाय लांब करून बसली होती, मांडीवर बाळ. शेजारी सासूबाई लंगोटांच्या घड्या घालत होत्या. वहिनीला पाहताच नणंद म्हणाली, "आलीस? मला वाटलं, माल परत घ्यायला कंपनीचा ट्रक येईल."

मास्तरणीनं सांगितलं. कमीजास्त न करता, कोपरासकट. सासूबाईंच्या हातातली घडी तशीच राहिली.

नणंद आधी हसली, सवयीनं. मग हसू गेलं. तिनं पोटावर हात ठेवला, जणू बाहेरून हाताला लागेल.

"म्हणजे अडीच महिने तुझी चूक घेऊन फिरतेय मी?"

"हो."

"आणि तुला कधी कळलं?"

"आज सकाळी."

"खरं सांग, वहिनी."

"छोटीची शपथ, आज सकाळी."

सासूबाई इतक्या हळू बोलल्या की ते ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं. "पोरीच्या आंघोळीचं पाणी आणि हे, तुला एकच वाटलं होय गं?"

नणंदेनं बाळाला उचलून आईकडे दिलं. डॉक्टर दारात उभे होतेच. त्यांनी रुंद नळीचं आणि गार सलाईनचं सांगितलं, दोनदाच करून पाहिलंय तेही सांगितलं, आणि नाही म्हणायची मोकळीक आहे असंही.

"भूल देणार?" नणंदेनं विचारलं.

"फक्त मान बधिर करू. तुम्ही जाग्या असाल."

"बरंय. निघाली की नाही ते मलाच आधी कळू दे." आणि मग वहिनीकडे न बघता, "आई, ती राहू दे इथंच. पळून जाईल नाहीतर."

दोन वाजून दहा मिनिटांनी दार मिटलं. मास्तरीण बाकावर बसली. सासूबाई बाळाला घेऊन दुसऱ्या टोकाला बसल्या, मध्ये तीन माणसं मावतील एवढी जागा सोडून. दाराच्या वर लाल दिवा होता. तिच्या डोळ्यांपुढे आत चाललेलं सगळं क्रमानं येत होतं. फास खाली जातोय, आकड्यापाशी चाचपतोय, अडकला. आता सलाईन. आता ओढ. इथंच तो सकाळी सावकाश उलगडला होता. ती परत पहिल्यापासून सुरू करायची आणि दर वेळी तिथंच येऊन थांबायची. बाळ रडायला लागलं. नणंदेचं दूध त्याला हवं होतं, आणि ते रडणं ऐकून इतक्या महिन्यांनी मास्तरणीच्याच छातीत पान्ह्याची कळ आली.

वीस मिनिटांचं काम. चाळीस झाली. पन्नास.

एक नर्स घाईनं बाहेर आली, फ्रीजमधून सलाईनची आणखी एक पिशवी घेऊन आत गेली. कुणी काही विचारायच्या आत दार मिटलं. सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि पुन्हा बसल्या. या वेळी जरा जवळ.

तीन वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. हातात झाकणाची लहान बाटली. सासूबाईंना ते म्हणाले, "ठीक आहे पोरगी," आणि बाटली मास्तरणीच्या हातात दिली. "मोजा."

तिनं काड्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. परत मोजल्या. आकडा निम्म्याहून जास्त उघडला होता. सकाळच्या आकड्यापेक्षा थोडासाच कमी.

"पहिल्यांदा निसटली," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा ओढायला आकडा उरला नसता."

नणंदेला बाहेर आणलं तेव्हा मानेवर पांढरी पट्टी होती आणि ओठ कोरडे पडले होते. बाळाला तिच्या कुशीत दिलं. वहिनी पायथ्याशी उभी राहिली.

"किती जणांत आहे ही?" नणंदेनं विचारलं. डोळे मिटलेलेच होते.

"अजून अकरा."

"मग इथं माझं तोंड बघत काय उभी आहेस?"

जिन्यात येऊन तिनं साहेबांना फोन लावला. तिला वाटलं होतं, ते सोमवार म्हणतील. आकडा उघडलेला निघाला का, एवढंच साहेबांनी विचारलं. ती हो म्हणाली. मग त्यांनी छत्र्या गेलेल्या दवाखान्यांची यादी वाचायला सुरुवात केली. दवाखान्याचा फोन, छत्रीचा क्रमांक, काढायची तारीख. ती डबीच्या पाठीवर, पिशवीतल्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर, जिथं जागा मिळेल तिथं लिहीत गेली.

अकरापैकी नऊ तारखा पुढच्या होत्या. एक गेल्या मंगळवारची. एक आजचीच, सकाळी अकराची.

तिनं आधी त्या आजच्या दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली.