माणसांचे कप्पे

फ्लोरिकाचा नवरा त्राइलो गेला, त्याला शनिवारी वर्ष होणार होतं. बुधवारी दुपारी तिच्या मुलाने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की बाबांची सगळी गाणी त्याने नव्या डिस्कवर नेऊन ठेवलीत, आणि हात लागलाच होता तर पसाराही आवरलाय.

"पसारा कसला?" वर्षाच्या जेवणासाठी फ्लोरिका गहू निवडत होती, तिचा हात थांबला.

"अगं, एकेक गाणं नऊ-नऊदा, चौदा-चौदादा. म्हातारा विसरत असणार. जादाची काढून टाकली. आता गायकांच्या नावाने ओळीत लागलीत, दुकानात असतात तशी. चार हजारांची अकराशे झाली."

स्लाविशा व्हिएन्नात नोकरीला. दर ऑगस्टला यायचा, येताना काहीतरी नवं आणायचा आणि जाताना काहीतरी जुनं निकालात काढून जायचा. मन वाईट नव्हतं पोराचं. तेच तर अवघड होतं, धड रागावताही यायचं नाही.

"आणि कप्पे?" फ्लोरिकाने विचारलं.

"कसले कप्पे?"

"माणसांचे."

आता त्याच्या चेहऱ्यावरचं कौतुक जरा ओसरलं. त्यालाही हे ठाऊक असायला हवं होतं. याच गावात वाढलेला तो. वर्षाच्या जेवणाला नाच होतो, तो मेलेल्याच्या नावाने. त्याच्या आवडीची गाणी, आणि प्रत्येक गाण्याआधी त्याचं नाव घ्यायचं. नाव न घेता वाजवलेलं कुणालाच पोचत नाही, आणि नावडतं पोचलं तर तिकडे तेच ऐकत बसावं लागतं. त्राइलो आधी अकॉर्डियन वाजवायचा, बोटं आखडल्यावर कॉम्प्युटरवरून गाणी लावायचा. जिवंतपणीच माणसं त्याच्याकडे यायची, राकिया दारूचा एक घोट घेऊन हळूच आपली गाणी सांगून जायची. तो प्रत्येकाच्या नावाचा कप्पा करून त्यात ती ठेवायचा. एकच गाणं चौदा जणांना आवडलं, तर चौदा कप्प्यांत चौदादा. त्याचा स्वतःचाही एक होता. 'मशीनमध्ये आहे माझं, तू काळजी करू नकोस,' म्हणाला होता.

"जुना कॉम्प्युटर कुठाय?"

"कोरा केला आणि भंगारवाल्याला दिला. जागा वाचावी म्हणून, आई..."

"तुझी ही डिस्क किती भरलीय?"

त्याने पाहिलं. "शंभरातले दोन भाग."

"मग वाचवलेल्या जागेत काय, मका लावायचाय?"

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. शेजारची पेरसा म्हातारी काठी आपटत आली.

"ए व्हिएन्नावाल्या, माझी अकरा गाणी होती त्यात."

"परत सांग ना, पेरसा मावशी. आत्ता लिहून घेतो."

"मला कुठली आता आठवताहेत? म्हणून तर त्याला सांगून ठेवली होती." काठी टेकून ती फ्लोरिकाकडे वळली. "तू तरी त्याची बायको. त्याची तुला ठाऊक असतील."

फ्लोरिका पुन्हा गहू निवडायला लागली. एकेचाळीस वर्षं त्राइलोने लोकांना हवं ते वाजवलं होतं. घरी आला की म्हणायचा, "आता कानांना सुट्टी." हिने रेडिओ लावला की बंद करायचा. पेरसाची गाणी, न्हाव्याची गाणी, नदीपलीकडच्या गिरणीवाल्याची गाणी, सगळी त्याने विचारून घेतली होती. त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं. हिनेही नाही.

गुरुवार-शुक्रवार मायलेक स्पीकरसमोर बसले. स्लाविशा एकेक गाणं लावायचा, ती मान हलवायची. कुठलंही असू शकत होतं. शेवटी तो म्हणाला, "आई, आपलं अंदाजाने नऊ काढू." तिने नऊ काढली. दहावं तिने स्वतः सांगितलं तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला.

शनिवारी अंगणात मेणबत्त्या लागल्या, रस्सा वाढून झाला. त्राइलोचा फोटो हातात धरून स्लाविशा हातात हात गुंफून नाचणाऱ्यांच्या साखळीच्या पुढे उभा राहिला. "हे त्राइलोला पोचो," फ्लोरिका म्हणायची आणि गाणं सुरू व्हायचं. नऊ वेळा म्हणाली. नऊही वेळा परक्याच्या दारात ताट ठेवून आल्यासारखं वाटलं तिला.

मग दहावं. भांडी घासताना ती नेहमी गुणगुणायची ते, पाण्याला गेलेल्या पोरीचं गाणं. त्राइलो आतून ओरडायचा, "फ्लोरिके, त्या मांजराला बाहेर काढ."

"हे त्राइलोला पोचो," ती म्हणाली.

"अगं, हे तर त्याला मुळीच—" पेरसाने तिची बाही ओढली. "कायमचं ऐकावं लागेल की बिचाऱ्याला."

"अकराशेंतलं एवढं एकच मला पक्कं ठाऊक आहे, पेरसा. बाकीची कुणी पाठवली म्हणून तो तिकडे विचारत बसेल. हे कुणाकडून आलं ते त्याला विचारावं लागणार नाही."

साखळी फिरत तिच्यापाशी आली. फोटो तिरपा झाला होता; तो सरळ करून फ्लोरिका मुलाच्या शेजारी शिरली आणि नाचायला लागली.