जेवणाच्या टेबलावरची पदवी

मी एक जुने लाकडी टेबल आहे. फार दमलेले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी मध्येच करकरले तर मित्रांनो, तुम्ही दचकणार नाही.

ज्या ब्लॅक फॉरेस्टला तुम्ही केक म्हणून ओळखता, ते खरोखरीचे जंगल जर्मनीत आहे. तिथल्या बीच नावाच्या झाडाच्या लाकडापासून मी बनले. पुढे लुडविग्सहाफेन शहरातल्या एका जर्मन कुटुंबात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यांच्या मुलांनी माझ्या पोटाला चिकटवलेले च्युइंगम अजून तसेच आहे. मुले मोठी होऊन निघून गेली, आजी वृद्धाश्रमात गेली आणि मला फुटपाथवर काढण्यात आले. इथे जुने सामान ठरलेल्या दिवशी रस्त्याकडेला ठेवतात. त्याला श्पेरम्युल म्हणतात. हवे त्याने उचलावे, उरेल ते कचऱ्याच्या गाडीत. गाडी दोन घरांवर आली होती, तेवढ्यात एक जोडपे माझ्यापाशी थांबले.

"अगं, दणकट आहे चांगलं. तिकडून उचल," तो म्हणाला. तो पुष्कर, इथल्या रसायनांच्या कारखान्यातला केमिस्ट. ती त्याची बायको ज्ञानदा. मी वाचले. पण आराम काही नशिबी आला नाही.

सकाळी माझ्यावर पोळ्या लाटल्या जात, दुपारी त्यांची मुलगी कुहू शाळेचा पसारा मांडी, संध्याकाळी जेवणे होत. त्यात एक दिवस लॅपटॉप आला. ज्ञानदा पुण्याची कॉमर्स पदवीधर, पण इथे ती पहाटेच्या पाळीला बेकरीत पाव विकायची. आता तिने सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या ऑनलाइन पदवीला नाव घातले होते. जवळच्या वाल्डॉर्फ गावातल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी मिळवायची, एवढेच तिचे स्वप्न होते.

"कॉलेज कुठेशी आहे गं?" तिच्या सासूबाईंनी, मनोरमाबाईंनी, विचारले.

"इथेच आई. या टेबलावर."

मित्रांनो, शिक्षण ऑनलाइन असले म्हणून हलके नसते. त्याचे ओझे मी अंगावर पेलले आहे. ज्ञानदाचे कोपर माझ्यावर टेकलेले असायचे, डोके हातात असायचे. पहाटेपासून उभी राहिलेली ती बाई एकेक ओळ तीन-तीनदा वाचायची. जरा कुठे डोक्यात शिरू लागले की कुहू यायची. "मम्मा, इश हाबे हुंगर!" भूक लागली, हे ती मराठीत कधीच सांगत नसे. मागून मनोरमाबाई, म्हणजे आई, म्हणायच्या, "ज्ञानदा, जरा आवरतेस का? पानं घ्यायची आहेत." अर्धे लेक्चर तसेच ठेवून लॅपटॉप फ्रिजवर जायचा. यात कोणाचीच चूक नव्हती. भूक सगळ्यांनाच लागते. पण जेवणानंतर परत बसली की ज्ञानदाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागे, आणि मला तिच्याकडे बघवत नसे.

अल्गोरिदमच्या विषयात ती दोनदा नापास झाली. कॉलेजचा नियम कडक होता. तिसऱ्यांदा नापास झाली की नाव कायमचे कमी होणार, आणि आधीची सगळी मेहनत पाण्यात जाणार.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी लॅपटॉपच्या पडद्यावर परीक्षेवर लक्ष ठेवणारी एक बाई आली. तिने कॅमेरा फिरवून खोली दाखवायला लावली, मग टेबलाखालीही दाखवायला लावले. इतक्या वर्षांत माझ्या पोटाखाली कोणी डोकावले नव्हते, मला ते च्युइंगम आठवून लाजच वाटली. खोलीत दुसरे कोणी येता कामा नये, असे बजावून तिने परीक्षा सुरू केली.

ज्ञानदा छान लिहीत होती. आणि दार हळूच उघडले. आई पाय न वाजवता आत आल्या, वाटी माझ्या कोपऱ्यावर ठेवली आणि तिच्या हातावर दही-साखर घालायला वाकल्या.

"अहो आई, बाहेर जा!" ज्ञानदा ओरडली. या घरात तिचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"खोलीत दुसरी व्यक्ती आहे. परीक्षा थांबवत आहोत," पडद्यावरची बाई म्हणाली.

आई दाराकडे मागे सरल्या. "मी वाट बघत होते गं. तू घराबाहेर पडशील तेव्हा देईन म्हटलं. तू बाहेर पडलीच नाहीस."

ती वाटी दिवसभर माझ्यावरच राहिली. उचलायला कोणाचा हात होईना.

कॉलेजने खुलासा मागितला. "आल्झो, म्हणजे... काय लिहायचं यांना?" पुष्कर डोके धरून बसला. "जर्मनमध्ये दही-साखर म्हणजे नुसता नाश्ता वाटतो." तरी ज्ञानदाने खरे तेच लिहिले. उत्तर यायला कित्येक आठवडे लागले. तोवर आई माझ्यापाशी जेवायला बसत, पण ताटातले तसेच राही. शेवटी कॉलेजने कळवले की चित्रण तपासले, उत्तर कोणी सांगितलेले नाही, परीक्षा पुन्हा द्यावी. मात्र ही संधी शेवटची.

त्या परीक्षेच्या सकाळी ज्ञानदाने कोट घातला, बूट घातले, पर्स खांद्याला लावली. "आई, निघते हं परीक्षेला."

आईंच्या लक्षात आले. मग लगबगीने वाटी घेऊन दाराशी गेल्या. ज्ञानदाने दही-साखर खाल्ली, वाकून नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. इमारतीला एक फेरी मारून ती परत वर आली आणि माझ्यापाशी बसली. आईंनी बाहेरून दार ओढून घेतले आणि तिथेच स्टूल टाकून पहाऱ्याला बसल्या.

निकाल एका दुपारी आला. आई माझ्यावर ताटे मांडत होत्या. ज्ञानदा पडद्याकडे बघून म्हणाली, "झाले आई. पास." आणि तिने माझ्यावर डोके टेकवले आणि तशीच झोपून गेली. आनंद करायलाही तिच्यात त्राण उरले नव्हते.

कुहू शाळेतून आली आणि ओरडणार, तोच आईंनी तोंडावर बोट ठेवले. "हळू. मम्माला उठवू नकोस. आपण खाली बसून जेवू." त्यांनी ताटे आवाज न करता उचलली आणि जमिनीवर मांडली.

मित्रांनो, मला पॉलिश नको, नवा टेबलक्लॉथही नको. तुमच्या घरात एखादे मोठे माणूस शिकायला बसले असेल, तर त्याला उठवू नका. तुम्ही खुशाल जमिनीवर जेवा. मला मुळीच राग येणार नाही.