मसणवटीतला फळा

मी फळा बोलतोय. शाळेचाच, पण शाळेतून नाही. गावाबाहेरच्या मसणवटीतून बोलतोय. दचकलात? दचका की. इथं आणून टाकलं तेव्हा मीही दचकलो होतो.

माझा जन्म मूल गावचा. एका सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि काजळी फासून काळं कुळकुळीत केलं. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. चांद्याच्या जंगलात नव्या शाळा उघडत होत्या. मनसाराम गुरुजींनी मला बैलगाडीत घातलं आणि गाडीवाट संपली तिथून पुढं सरळ डोक्यावर घेतलं. पोरगेलासा माणूस, मिशीही धड फुटलेली नव्हती. वाटभर माझ्याशी बडबडत होता, "तू पोचला का शाळा पोचली म्हनून समज, गड्या!" मी आपला ऐकत होतो.

शाळा म्हणजे कुडाची एक झोपडी. पोरं गोंडांची. त्यांना मराठी येईना, गुरुजींना गोंडी. गुरुजींनी माझ्यावर 'पाणी' लिहिलं आणि तांब्या वर धरला. पोरं एका सुरात ओरडली, "येर!" गुरुजी हसले. "हो बाबांनो, येरच. पन लिवाचं पाणी." खडू संपला की पांढऱ्या मातीचं ढेकूळ चालायचं. शिकवायची त्यांची रीत एकच. पोराचं बोट आपल्या मुठीत धरायचं आणि माझ्यावरच्या अक्षरावरून फिरवायचं. पुन्हा फिरवायचं. पोर कंटाळलं तरी सोडायचं नाही. त्या बोटांनी माझं अंग गुळगुळीत झालं होतं, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायचं.

सुकरी मात्र आत यायची नाही. पत्रूची ही पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारातच उभी राहायची. गुरुजींनी तिला आत बसवलं तशी दुसऱ्याच दिवशी पत्रू येऊन थडकला.

"पोरीले काऊन बसवता गुरुजी? मोहा कोन वेचन?"

"वेचू दे ना पत्रूभाऊ. वेचनं झालं का येऊ दे. नावापुरती तरी शिकू दे."

"नाव लिवून काय होते?"

गुरुजी गोंधळले. मग म्हणाले, "लिवलं का राह्यते."

पत्रूने नाक मुरडलं. पण पोरीला ओढून नेलं नाही. उलट दारात बसून, गुरुजी तिचं बोट धरून फिरवतात ते तो बघत राहिला.

पोळ्याच्या सुमारास सुकरीने माझ्या खालच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. बोट कुणी धरलेलं नव्हतं. जीभ बाहेर काढून, दम कोंडून, तीन अक्षरं. गुरुजी तर नाचायचेच बाकी राहिले. "हे कोनी पुसाचं नाई!" त्यांनी दम भरला. मग रोज सगळा फळा पुसायचे, तो कोपरा सोडून.

त्या भादव्यात गावात हिवताप शिरला. सुकरी पडली ती उठेचना. डोळे पांढरे करायला लागली. दवाखाना नदीपल्याड. सगळे शाळेत जमले. गुरुजी म्हणाले, खाटेवर घालून नेऊ. पत्रूने मान हलवली.

"खाटेवर जिता मानूस गावाबाहेर नाई जात गुरुजी. खाटेवर मेलेलाच जाते."

म्हातारे म्हणाले, खरं आहे. गुरुजी कावरेबावरे झाले. इकडे बघ, तिकडे बघ, आणि नजर माझ्यावर येऊन थांबली.

"मंग फळ्यावर न्या! फळा काई खाट नाई!"

पत्रू उठला. त्याने स्वतःच मला खुंटीवरून उतरवलं. काय सांगू, त्या घटकेला मला केवढा अभिमान वाटला! अक्षरं तर कुठलाही फळा पेलतो, मी जीव वाचवायला निघालो होतो.

चौघांनी मला खांद्यावर घेतलं. पोर हलकी, पण अंग असं तापलेलं की मला चटका बसत होता. नदीला पूर होता. डोंगेवाला म्हणाला, "पानी उतरू द्या भाऊ. डोंगा पलटन." मला काठावर टेकवलं. सुकरी बापाला म्हणाली, "येर." पत्रू पानाचा दोना घेऊन खाली धावला. तो दिसेना तशी ती गुरुजींकडे बघून हळूच म्हणाली, "पाणी." गुरुजींना हुंदका आवरला नाही. पत्रू दोना सांभाळत वर आला तोवर माझी पाठ निवत चालली होती.

तसाच मी मसणवटीत आलो. मेलेलं माणूस ज्याच्यावर येतं ते गावात परत जात नाही, इथंच उलटं करून टाकतात. गुरुजी हात जोडून म्हणाले, "एकच फळा हाय हो शाळेले." कुणी शिवी दिली नाही, कुणी मला उचललंही नाही. पण दुसऱ्या दिवसापासून एकही पोर शाळेत गेलं नाही. काही दिवसांनी गुरुजी या वाटेने मूलला निघून गेले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. राग आला मला. अरे, पोर तर मीही वाहिली होती!

मसणवटीत आणलं त्या दिवशी मला उलटंच टाकलं होतं. सगळे गेल्यावर पत्रू मागे फिरला आणि त्याने मला सुलटं केलं. कोपऱ्यात तिचं नाव होतं.

पाऊस आला की नाव पुसट होतं. मग पत्रू पांढऱ्या मातीचं ढेकूळ घेऊन येतो आणि दिसतात त्या रेघांवरून ते फिरवतो. त्याला एक अक्षर येत नाही. दर खेपेला रेघ थोडी सरकते. आता 'सु' गळून पडलाय, 'री'चा वेल झालाय. कुणा शिकलेल्याला दाखवा, वाचता येणार नाही. पत्रू मात्र त्यावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "सुकरी."

मला वाळवी लागली आहे. उचला, धुवा, शाळेत टांगा, असं मी म्हणत नाही. पण तुम्ही वाचता आहात, म्हणजे तुमचं बोट कधी तरी कुणी तरी धरलं होतं. या वाटेने आलात तर पत्रूशेजारी बसा, त्याचं बोट मुठीत धरा आणि ही तीन अक्षरं त्याच्याकडून गिरवून घ्या. लवकर या. वाळवी कोपऱ्याकडूनच चढते आहे.